तळ्यापर्यंतचा बेत

पुण्याहून आलेल्या सायकलवाल्यांनी आमच्या दारात थांबून पाणी मागितलं, तिथून हे सगळं सुरू झालं. थंडी सरत आली होती. मी आणि माझी मोठी जाऊ गोठ्यापुढं मक्याची कुट्टी करत होतो. आमची वस्ती खुटबावच्या पुढं, कॅनॉलला लागून. दोघा भावांच्या चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली, पण गोठा एकच राहिला, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी आम्हा दोघींची गाठ ठरलेली. जे काही बोलायचं असेल ते गाईंच्या मधोमध बसून बोलायचं, अशी आमची सवय.

सायकलवाले सातआठ जण होते. डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे, आणि त्यांत दोन बायका. एकीचे केस पूर्ण पांढरे. जावेनं तिच्या हातात तांब्या दिला आणि सरळ वय विचारलं. ती बाई हसली. म्हणाली, साठी कधीच उलटली, बँकेतून रिटायर झाले आणि मग सायकल घेतली. कॅनॉलच्या रस्त्यानं वरवंडच्या तलावापर्यंत जायचं, बांधावर बसून डबा खायचा आणि परत फिरायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम होता. वाटेत कुणाचं लग्न नव्हतं, कुठल्या देवाला जायचं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. पाणी पिऊन ते निघाले. जाऊ हातात रिकामा तांब्या धरून ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "आपण का न्हाई जात गं असं?"

हे तिचं वाक्य मी विसरलेले नाही. बेत तिचा होता, हे मला आजही नाकारता येत नाही.

कॅनॉलचा रस्ता तसा सगळ्यांचा आहे. पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी केलेला, मुरूम टाकून रोलर फिरवलेला. पहाटे रिटायर मास्तर त्यावरून चालायला जातात, दूधवाल्यांच्या मोटारसायकली जातात. दिवसा उसाच्या गाड्या, मेंढरं. संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. बायकाही जातात, पण डोक्यावर गवताचा भारा असतो किंवा हातात खुरपं. नुसती फिरायला निघालेली बाई मी तोवर त्या रस्त्यावर पाहिली नव्हती.

मला स्वतःला सायकल येत होती. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोडच्या कॅनॉलजवळचं. हायस्कूल लांब होतं आणि चुलत्यांची दांडीची जुनी सायकल घरात पडून होती, ती माझ्या वाट्याला आली. आधी दांडीखालून पाय घालून चालवायची, मग सीटवर बसायला लागले. तिची चेन रोज पडायची. ती बसवताना हात काळे व्हायचे, मग कॅनॉलच्या कडेला माजलेल्या बेशरमीची पानं तोडून हात पुसायचे आणि तशीच वर्गात जायची. गणिताचे मास्तर माझ्या वहीवरचे काळे डाग बघून म्हणायचे, ही वही मुलीची आहे की गॅरेजवाल्याची. वर्ग हसायचा. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण शाळा सुटल्यावर तोच रस्ता पुन्हा माझा असायचा. बारावी झाले, लग्न झालं, सायकल संपली. हे सगळं मी जावेला त्या संध्याकाळी धार काढता काढता सांगितलं. तिनं कुणाचं कधी ऐकलं नसेल इतकं मन लावून ऐकलं. मास्तरांचं बोलणं तर मला पुन्हा सांगायला लावलं.

ती स्वतः दौंडची, तिचे वडील रेल्वेत होते. शाळा घरासमोर. सायकल ती लग्नानंतर शिकली, मुलाची. शेणात हात घालायची सवय नसलेली मुलगी आमच्या वस्तीवर आली आणि सगळं शिकली. मी आले तेव्हा ती दोन लेकरांची आई होती. सासरी माझं जे जे चुकलं ते तिनं पोटात घातलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दौंडच्या दवाखान्यात माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपली होती. सख्खी बहीण मला नाही. तिला मी ताई म्हणायची ते नुसतं रीत म्हणून नव्हतं.

तिसरी आमच्यात आली ती शेजारीण. कॅनॉलच्या पलीकडं धनगरांची वस्ती आहे, तिथली. तिच्या सासऱ्यांनी मेंढरं विकून रान घेतलं आणि तेव्हापासून ती माणसं कांदा-ऊस करतात. नवरा कुरकुंभला कंपनीत, शिफ्टवर. दूध घालायला ती आमच्याच डेअरीवर यायची आणि डेअरीच्या रांगेत आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं. तिनं विचारलं, "मला न्याल का?" आम्ही म्हटलं, सायकल येते का? तर येत नव्हती. लहानपणी ती आईबापांच्या मागं मेंढरांबरोबर कोकणापर्यंत चालत गेलेली होती, दिवसभर चालली तरी दमायची नाही, पण सायकलला तिनं हातसुद्धा लावला नव्हता. तरी यायचंच म्हणाली.

मग बेत रंगत गेला. कॅनॉलच्या रस्त्यानं जायचं, शेवटी हायवेच्या खालून जो बोगदा आहे त्यातून पलीकडं निघायचं आणि तलावाच्या बांधावर चढायचं. हायवेचं मला भ्या वाटायचं, तर शेजारीण म्हणाली, तिथं उतरून ढकलत नेऊ, कोण हसतंय ते बघू. खायला काय न्यायचं यावर आमची रोज नवी चर्चा. भाकरी-ठेचा नको, रोज तेच खातो, असं जावेचं म्हणणं. तिला पुऱ्या आणि बटाट्याची भाजी हवी होती, शाळेच्या सहलीला नेतात तशी. शेजारणीला तलावाकाठी मासे तळून मिळतात ते खायचे होते. मला काहीही चाललं असतं.

दिवस ठरवायला सगळ्यांत जास्त डोकं लागलं. आमच्याकडं शेतीची लाइट काही दिवस दिवसाची असते आणि काही दिवस रात्रीची. दिवसाची असली की पाणी धरायला बाई लागते. रात्रीची असली की गडी माणूस जातो आणि दुसऱ्या दिवशी जेवून झोपतो. म्हणून रात्रीच्या लाइटचा आठवडा धरला. त्यात शेजारणीच्या नवऱ्याची पहिली शिफ्ट कधी, माझ्या घरी कुणी पाहुणे येणार का, जावेच्या घरी मीटिंग कधी, हे सगळं जुळवून बुधवार काढला. नवरे झोपलेले असताना निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत. चोरून जायचं असं आमच्या मनात नव्हतं. माझ्या नवऱ्याला मी सांगितलं होतं. तो हसला आणि म्हणाला, जा की, पडलीस तर फोन कर. मग थोड्या वेळानं म्हणाला, फार लोकांना सांगत बसू नका म्हणजे झालं.

सायकली तीन झाल्या. जावेच्या मुलाची गिअरची, तो मोटारसायकलवर फिरायला लागल्यापासून पडून होती. माझ्या मुलीला आठवीत शाळेतून मिळालेली, ती पुण्याला नर्सिंगला गेल्यावर छपरात अडकवून ठेवली होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. आणि नवऱ्याची जुनी, दुधाचे कॅन अडकवायचे हूक असलेली. ती मी घेणार होते, कारण दांडीची मलाच येत होती. मुलीची सायकल शेजारणीला. केडगावहून ट्यूब-टायर आणून तिन्ही नीट करून घेतल्या.

हरभरा निघून मोकळ्या झालेल्या रानात शेजारणीला शिकवायचं काम जावेनं घेतलं. मी नुसती बांधावर बसायची. जाऊ पदर खोचून कॅरिअर धरून मागं पळायची, ओरडायची, पुढं बघ, खाली बघू नको. शेजारीण लुगड्याचा काष्टा मारून बसायची आणि चार हात गेली की आडवी. एकदा आमच्या कांद्याच्या वाफ्यात पडली, कोपर सोलून निघालं. उठून माती झटकत म्हणाली, "चालताना आपण आपल्याला धरून असतो. हिला कोण धरतंय?" आम्ही तिघी इतक्या हसलो की तिची सासू पलीकडून काय झालं म्हणून बघायला आली. हळूहळू तिला जमायला लागलं. वळताना अजून पाय टेकवायची, पण सरळ रस्त्यावर बरी जायची. सरावाला म्हणून मुलीची सायकल मी तिच्याकडंच ठेवली.

मोठे दीर गावातल्या राजकारणात आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. सोसायटीवर होते, पॅनलचं सगळं तेच बघतात. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. मोठ्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडं जुन्यांची रीत आणि ती त्यांनी सोडलेली नाही. त्यामुळं त्यांना बेत कधी कळला, काय म्हणाले, हे मला जावेकडूनच कळायचं. एका सकाळी ती म्हणाली, ह्यांना कळलं. पण ते चिडले नव्हते, उलट खूश झाले होते. चांगली गोष्ट आहे म्हणाले, बायकांनी बाहेर पडलंच पाहिजे. सायकली नीट आहेत का, कोण कोण जाणार, सगळं चौकशीनं विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला इतके प्रश्न पहिल्यांदा विचारले असतील. तिला केवढा आनंद झाला होता. मलाही झाला.

त्याच सुमाराला सरपंचपदाचं आरक्षण जाहीर झालं आणि ते महिलेसाठी निघालं. मी या दोन गोष्टी जोडून बघितल्या नाहीत. बघायला हव्या होत्या असंही आता म्हणत नाही, कारण बघून तरी काय केलं असतं.

बुधवार जवळ आला होता. माझा नवरा जेवता जेवता मोबाईल बघत होता. त्यानं तो माझ्यापुढं केला आणि विचारलं, हे तुमचंच का? मोबाईलवर एक फ्लेक्स होता. महिलांची भव्य सायकल फेरी, आरोग्य आणि सक्षमीकरणासाठी, येत्या रविवारी. एका बाजूला पाहुण्यांचे फोटो ओळीनं, मधे हात जोडलेली माझी जाऊ, डोक्यावरून पदर, आणि तिच्या मागं कुठल्यातरी परदेशी बाईचा सायकलवरचा फोटो. खाली लिहिलं होतं, संकल्पना, आणि पुढं जावेचं नाव. मार्ग शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंत होता. कॅनॉल नाही, तलाव नाही.

संध्याकाळी गोठ्यात मी तिला विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, ह्यांनीच ठरवलं, मला बी कालच समजलं. मी म्हटलं, मग बुधवार? तर म्हणाली, बुधवारी टोप्या आणायला दौंडला जायचं आहे, मीटिंग आहे, बुधवार कसा जमेल. तलाव काय कुठं जात नाही, पुढच्या महिन्यात जाऊ. तिचा आवाज नेहमीचाच होता. मी धार काढत राहिले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, माझ्याबरोबर पुढच्या रांगेत तू राहा, बायका गोळा करायला पण तूच चल. मी विचारलं, "आन् तिला? ती कुठल्या रांगेत?"

तिनं भरलेली बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "तिला तूच सांग. अजून नीट येत न्हाई तिला. पडली-बिडली तर लोक शूटिंग करणार."

"तुम्हीच शिकवलंय तिला, ताई."

"म्हणून तर मला सांगवत न्हाई."

खरं कारण मला नवऱ्याकडून कळलं. पलीकडच्या वस्तीची मतं विरोधी पॅनलकडं जातात, असा मोठ्या दिरांचा हिशेब होता. तिथली बाई पहिल्या रांगेत दिसली तर आपलीच माणसं नाराज होतील, उद्या तीच वस्ती सांगेल की आम्हाला नुसतं फोटोपुरतं वापरलं. असं सगळं त्यांच्या बैठकीत बोलून झालं होतं. एका बाईच्या सायकल शिकण्यावर पुरुषांनी बैठक घेऊन एवढा विचार केला होता. जावेला हे माहीत होतं. तिनं मला मात्र पडण्याचं कारण दिलं.

मी सांगायला गेले. शेजारीण दारात कांद्याचं रोप निवडत बसली होती. सायकल कुडाला टेकवून ठेवलेली, पुसून लख्ख केलेली. मी आधी फेरीचं सांगितलं, मग बुधवारचं रद्द झाल्याचं सांगितलं, मग शेवटी तिचं. पडण्याचंच कारण सांगितलं, दुसरं सांगायला माझी जीभ रेटेना. ती रोप निवडत राहिली. तिनं एकच विचारलं, "ताई म्हणल्या का दादा म्हणले?"

"ताई," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग उठली, मला चहा केला, आणि जाताना म्हणाली, सायकल घेऊन जा. मी म्हटलं, राहू दे, मला ती लागणार नाही. तिनं पुन्हा आग्रह केला नाही.

रविवारी शाळेच्या मैदानावर आम्हाला सकाळी बोलावलं होतं. साडीवर घालायला गुलाबी टी-शर्ट आणि गुलाबी टोप्या. दुकानातून एका दिवसापुरत्या आणलेल्या नव्या सायकली ओळीनं उभ्या होत्या. सीटवरचं प्लास्टिक काढू नका, परत द्यायच्यात, असं एक जण सारखं सांगत फिरत होता. पाहुणे येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बायका सायकलींच्या सावलीत बसल्या, पण सायकलीची सावली ती किती. पाहुणे आले, नारळ फुटला, झेंडा दाखवला आणि आम्ही निघालो. पुढं स्पीकर लावलेला पिकअप, मागं मोटारसायकलवरची पोरं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना सायकल येतच नव्हती. त्या सायकल हातात धरून चालत होत्या. कॅमेरा जवळ आला की त्यांना कुणीतरी सीटवर बसवायचं, मागून एक जण कॅरिअर धरायचा, फोटो झाला की उतरवायचं. एक म्हातारी तर टोपीवरून पदर घेऊन हँडलला घट्ट धरून रडकुंडीला आली होती. माझ्या पुढं जाऊ चालली होती, तिला सायकल येते, तरी तीही चालवत नव्हती, कारण पिकअप हळू होता आणि तिला लोकांना नमस्कार करायचे होते. मी तेवढी सीटवर बसले. दोनदा पाय मारले की पुढच्या सायकलवर आदळायची, म्हणून उतरले. ग्रामपंचायत आली. इतक्या वर्षांनी सायकलवर बसले ते एवढंच.

ग्रामपंचायतीपुढं मांडव होता. पाहुण्यांची भाषणं झाली आणि मग जावेला बोलायला उभं केलं. तिच्या हातात कागद होता, पण तिनं तो बघितला नाही. आधी अडखळली, मग लागली बोलायला. म्हणाली, मला लहानपणापासून सायकलची आवड. आमची शाळा लांब होती. कॅनॉलच्या रस्त्यानं मी सायकलवर जायची. चुलत्यांची जुनी सायकल होती, रोज चेन पडायची. हात काळे व्हायचे, तर बेशरमीच्या पाल्यानं पुसायची. आणि गणिताचे मास्तर म्हणायचे, ही वही मुलीची आहे का गॅरेजवाल्याची.

मांडव हसला. टाळ्या पडल्या. पाहुणेही हसले, एकानं मान डोलावून बाजूच्याला काहीतरी सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसले होते, गुलाबी टोपी घालून. बाजूच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं, तुझी जाऊ काय बोलते गं, म्हणाली. मी जावेकडं बघत होते. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर मागच्या लोकांवर नेली. मग ती पुढं बोलत राहिली, मुलींना शिकवा, मुलींना पंख द्या, असं काही. ते कागदावरचं असावं.

घरी आल्यावर नवऱ्याला मी सांगितलं, ती माझी गोष्ट होती. तो म्हणाला, कुठली? त्याला ती कधी सांगितलीच नव्हती, हे तेव्हा मला कळलं. तिला सांगितली होती. पुढं तो म्हणाला, भाषणात असं चालतंच, त्याचं काय एवढं मनावर घेतेस, घरातलीच तर गोष्ट घरातल्यानं सांगितली.

भाषणाचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. पार शिरूरपर्यंत गेला. माझ्या भावाचा फोन आला. आधी इकडची तिकडची चौकशी केली आणि मग हसत म्हणाला, "तायडे, तुझ्या जावेचं माहेर बी आपल्याकडचंच हाय व्हय गं?" त्याला सगळं कळलं होतं, त्या सायकलवर मागं बसून तो कितीदा शाळेत आला होता. निवडणूक तोंडावर होती, फोन स्पीकरवर होता आणि नवरा समोर बसला होता. मी म्हटलं, हो, जवळचंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीकडं गेले. मनाशी ठरवून गेले होते की पुन्हा रात्रीची लाइट आली की आता आपण दोघी जायचं. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "मी जाऊन आले."

मला वाटलं, दुसरीकडं कुठं. ती म्हणाली, तलावावर. रविवारी. गावात स्पीकर वाजत होता तेव्हा ती कॅनॉलच्या रस्त्याला लागली होती. एकटीच. बोगद्यात उतरून ढकलत नेली, बांधावर बसली, घरून नेलेली भाकरी खाल्ली आणि दिवस मावळायच्या आत आली. मी विचारलं, पडलीस का कुठं. नाही म्हणाली. मी विचारलं, कसं वाटलं. तिला सांगावंसं वाटत नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. "पाणी व्हतं. बसले. आले," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, मग पुन्हा जाऊ, माझ्याबरोबर. त्यावर ती माझ्याकडं नीट बघून बोलली. आवाज चढवला नाही. "वहिनी, तुमच्यासंगं यायचं म्हंजी तुमच्या घरात काय चाललंय ते आधी बघाय लागतं. मला एकटीला बरं पडतं."

तिनं सायकल माझ्या हातात दिली. मी ती चालवत आणली नाही, हातात धरून आणली. त्यानंतर ती आमच्या डेअरीवर दूध घालायची थांबली. त्यांच्या वस्तीवर दुसरी गाडी येते, तिला घालते. रस्त्यात दिसली तर बोलते, बरं हाय का, म्हणते. तिनं स्वतःची सायकल घेतली, सेकंडहँड, असं ऐकलं. मी ती बघितलेली नाही.

जाऊ सरपंच झाली. चांगल्या मतांनी झाली. गुलाल उधळला तेव्हा मी ओवाळलं, माझ्याशिवाय दुसरं कोण ओवाळणार होतं. आता ग्रामपंचायतीत खुर्ची तिची आहे, कारभार मोठे दीर बघतात, हे गावाला माहीत आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तिला कुठं जायचं तर गाडी येते, बरोबर दोघं-तिघं असतात. सह्यांना बोलावतात, झेंड्याला बोलावतात, कुठं पाइपलाइनचा नारळ फोडायला बोलावतात. धारेला मात्र ती अजून येते. गडी ठेवू म्हणाले तर तिनं नको म्हटलं.

गोठ्यात आम्ही बोलतो. दुधाला फॅट लागत नाही, पेंड महागली, मुलाला स्थळ बघायचं आहे, असं बोलतो. भाषणाबद्दल तिनं कधी काही काढलं नाही, मीही नाही. माझी वाट बघणं चालू होतं. एकदा तरी ती म्हणेल, तुझं होतं ते, माझ्या तोंडातून गेलं. तेवढं म्हणाली असती तरी मी सोडून दिलं असतं, असं मला वाटायचं. आता तसंही वाटत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी ती गाईच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "चल ना गं, एक दिवस जाऊ तलावावर. आपण दोघीच. कुणाला सांगायचं न्हाई."

तिच्या आवाजात काही खोटं नव्हतं. ज्या बाईनं रिकामा तांब्या हातात धरून सायकलवाल्यांकडं बघितलं होतं, तीच बोलत होती. मला ते कळलं, आणि कळूनही मला तिची दया आली नाही.

मी म्हटलं, "मला न्हाई जमायचं, ताई."

"का?"

"पलीकडच्या तिला विचारा. तिला वाट माहीत हाय."

तिनं मान वर केली नाही. मी तिला रडताना बघितलं असं म्हणणार नाही, गोठ्यात उजेड कमी होता आणि तिचं तोंड गाईच्या आड होतं. मला क्षणभर बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू. मग तिचा मोबाईल वाजला. मोठे दीर बोलवत होते, कुणीतरी आलं होतं, फोटो काढायचा होता. तिनं हात धुतले, पदर नीट घेतला आणि गेली.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. मी पेंड भिजवून ठेवली होती. आम्ही कामाला लागलो.